हिरव्या रंगाखालची पेटी : डब्लिनमधले पाच दिवस

दिवस पहिला

डब्लिनला उतरल्यावर मी पहिला हात लावला तो एका टपालपेटीला. ह्यांना हसू आलं. पण चौतीस वर्षं पुण्यात टपाल खात्यात काढलेली बाई परगावी गेली की दुसरं काय बघणार? माझी भाची तिथं नर्स आहे. शहराच्या उत्तरेला फिब्सबरो नावाचा भाग आहे, तिथं राहते. तिच्या घराच्या कोपऱ्यावरच ती पेटी उभी होती. बिडाची, माझ्या खांद्याच्या वर जाणारी, गर्द हिरवी. वर्षानुवर्षं रंगाचे थर चढून गुळगुळीत झालेली. बोट फिरवलं तर त्या रंगाखाली उठावाची अक्षरं लागली, व्ही आणि आर. व्हिक्टोरिया राणीची मोहोर.

म्हणजे ही पेटी मुळात लाल. १९२२ साली आयरिश मुक्त राज्य स्थापन झालं तेव्हा नव्या सरकारनं पेट्या उपटून टाकल्या नाहीत, त्यांना हिरवा रंग दिला. राणी आत राहिली ती राहिलीच. आपल्याकडे इंग्रज गेले तरी पेटी लालच राहिली, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

"मावशी, इथं सगळं असंच आहे," भाची कुलूप उघडता उघडता म्हणाली. "बिल्डिंग जुनी, भाडेकरू नवा."

संध्याकाळी साडेनऊला खिडकीबाहेर लख्ख उजेड होता. मे महिना. जेवण झालं तरी दिवस मावळेना, त्यामुळे ह्यांनी दोनदा चहा मागितला. चहाच्या बाबतीत मात्र आयरिश माणूस आपला सख्खा चुलतभाऊ. कडक, लाल आणि दूध घालूनच.

जाणाऱ्यांसाठी थोडं इथंच सांगून टाकते. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, युरोपचा तो व्हिसा इथं चालत नाही. बस आणि ट्रामसाठी लीप कार्ड घ्या. नव्वद मिनिटांत कितीही गाड्या बदलल्या तरी दोन युरोच कापले गेले. छत्री नेऊ नका. वारा ती उलटी करून हातात देतो. टोपीचं जर्किन न्या, आणि दुपारी ऊन पडलं म्हणून ते घरी ठेवून निघू नका. आम्ही निघालो होतो.

दिवस दुसरा

डब्लिन या नावाचा अर्थ काळा डोह. पॉडल नावाची छोटी नदी शहराच्या मोठ्या नदीला, लिफीला, मिळण्याआधी जिथं साचायची तो डोह. वायकिंग लोकांनी ८४१ साली तिथं तळ ठोकला, जहाजं बांधून ठेवायला जागा सोयीची. आता त्या जागी डब्लिन कॅसलच्या मागची बाग आहे. गोल हिरवळ, आणि तिच्यात विटांच्या वाटा वेटोळं घातलेल्या सापासारख्या फिरवलेल्या. पॉडल अजून वाहते, पण जमिनीखालून. बागेत ऑफिसातली मुलं डबे उघडून बसली होती. आयरिश भाषेत शहराचं नाव आणखी वेगळंच आहे, त्याचा अर्थ विणलेल्या फांद्या टाकून केलेल्या उताराचं, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेचं, गाव. म्हणजे एक नाव डोहाचं, एक उताराचं. बसच्या पाटीवर दोन्ही असतात.

कॅसल म्हटल्यावर सिंहगड-राजगड डोळ्यापुढे आणू नका. इंग्लंडच्या जॉन राजानं १२०४ साली बांधायचा हुकूम दिला तो किल्ला बहुतेक गेला. एक गोल बुरूज उरलाय. बाकी सगळं अठराव्या शतकातल्या कचेऱ्यांसारखं, मधे मोठं चौक-अंगण. सातशे वर्षं इंग्रजांचा आयर्लंडवरचा कारभार इथून चालला, आणि १६ जानेवारी १९२२ ला आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकेल कॉलिन्स यानं तो ताब्यात घेतला. फाटकावर न्यायदेवता उभी आहे, तोंड कॅसलकडे आणि पाठ गावाकडे. डब्लिनकरांनी त्यावर जी म्हण केलीय तिच्यात पाठ हा शब्द नाही, पण मी पाठच लिहिते. तिच्या तराजूच्या पारड्यांना भोकं पाडलेली आहेत. पावसाचं पाणी साचून न्याय एका बाजूला कलायचा म्हणे.

आतल्या दालनांमध्ये एक खोली जेम्स कॉनोलीच्या नावाची आहे. पहिल्या महायुद्धात या राजेशाही खोल्यांचं इस्पितळ केलं होतं, आणि इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या बंडात जखमी झालेल्या कॉनोलीला, बंडाच्या एका नेत्याला, इथंच ठेवलं होतं. त्याची पुढची गोष्ट पाचव्या दिवशी.

मला मात्र खिडक्या बघायच्या होत्या. माझं कॉलेज फर्ग्युसन. तिथं जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, आणि ते भरवण्यामागे होत्या मार्गारेट कझिन्स, आयर्लंडच्या. भारतात येण्याआधी, १९१३ साली, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी याच कॅसलच्या काचा फोडल्या होत्या आणि महिनाभर तुरुंगात काढला होता. त्यांच्याही आधी, जून १९१२ मध्ये, त्यांची मैत्रीण हॅना शीही-स्केफिंग्टन हिनं फोडल्या, आणि तिची शिक्षिकेची नोकरी गेली. शिप स्ट्रीटच्या बाजूला हॅनाची पाटी आहे. कॉलेजात रोज ज्या दगडी इमारतीसमोरून मी गेले, तिचा धागा या खिडक्यांना बांधलेला होता हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यावेळी सांगायची पद्धतच नव्हती म्हणा.

भाची त्या अंगणातच थांबली. मे २०१८ मध्ये ती इथं गर्दीत उभी होती. गर्भपातबंदीचं घटनेतलं कलम काढायचं की नाही याचं सार्वमत, निकाल या अंगणात जाहीर झाला. ६६.४ टक्के लोकांनी काढा म्हणून सांगितलं. त्यामागे आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार होती. २०१२ मध्ये गॉलवेला, गर्भ वाचणार नाही हे कळूनही तिला वेळेत गर्भपात मिळाला नाही, आणि ती गेली. भाची म्हणाली, "लोक अनोळखी असून तिचं नाव घेऊन रडत होते, मावशी. आणि नाव बरोबर उच्चारत होते." यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

त्याच आवारात चेस्टर बीटी संग्रहालय आहे, फुकट. खाणींच्या धंद्यात पैसा केलेला हा अमेरिकन माणूस १९५० मध्ये डब्लिनला राहायला आला आणि आयुष्यभर जमवलेली हस्तलिखितं या देशाला देऊन गेला. जुन्या करारापासून कुराणापर्यंत, आणि मोगल चित्रं अशी की ह्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला. दोन तास ठेवा. आम्ही एक ठेवला होता.

दुपारी मार्श लायब्ररी. १७०७ मध्ये एका आर्चबिशपनं उघडलेलं सार्वजनिक ग्रंथालय, कपाटं अजून तीच, ओकची. टोकाला जाळीदार दारांचे कोनाडे आहेत. मौल्यवान पुस्तक मागणाऱ्याला म्हणे त्यात पुस्तकासकट बंद करायचे. चौतीस वर्षांत काउंटरच्या बाहेरची कितीतरी माणसं मला अशी बंद करावीशी वाटली आहेत.

दिवस तिसरा

पाऊस, ऊन, गारा, ऊन. सगळं अकराच्या आत.

कॉलेज ग्रीनला एक अर्धगोल, खांबांची रांग असलेली भव्य इमारत आहे. समोरून बघितलं तर एकही खिडकी नाही. ही आता बँक आहे. आधी आयर्लंडचं संसद भवन होतं. १७२९ मध्ये काम सुरू झालं, आणि दोन सभागृहांची संसद भरवण्यासाठी म्हणून मुद्दाम बांधलेली ही जगातली पहिली इमारत. त्या संसदेत कॅथलिकांना बसता येत नव्हतं, म्हणजे देशातली बहुसंख्य जनता बाहेरच. १८०० मध्ये तिनं स्वतःच स्वतःला बुडवण्याचा ठराव केला. मतांसाठी पदव्या नि पेन्शनी वाटल्या गेल्या. १ जानेवारी १८०१ पासून कारभार लंडनला गेला. १८०३ मध्ये बँकेनं ४०,००० पौंडांना इमारत घेतली, आणि कनिष्ठ सभागृह मोडून टाकलं, पुन्हा इथं संसद भरू नये म्हणून. वरिष्ठ सभागृह मात्र जसंच्या तसं आहे. भिंतीवर विणलेले दोन प्रचंड पडदे, लढायांची चित्रं, काळपट लाकूड, काचेचं झुंबर. कामाच्या दिवशी आत सोडतात. दारावरच्या माणसानं आम्हाला "या, लॉर्ड व्हा पाच मिनिटं" म्हणून बसवलं. शेजारच्या दालनात लोक पासबुकाची कामं करत होते.

समोर ट्रिनिटी कॉलेज, १५९२ चं, एलिझाबेथ राणीच्या सनदेनं झालेलं. इथल्या घंटाघराखालून विद्यार्थी जात नाहीत. घंटा वाजली तर परीक्षेत नापास. आमच्यापुढची एक मुलगी पावसात भिजत वळसा घालून गेली. बुक ऑफ केल्स, म्हणजे साधारण ८०० सालचं, वासराच्या कातड्यावर लिहिलेलं चार शुभवर्तमानांचं पुस्तक, काचेच्या पेटीत एका वेळी दोनच पानं दाखवतात. खरं सांगायचं तर गर्दीत मला माणसांच्या मानाच जास्त दिसल्या. त्यापेक्षा वरची लाँग रूम, म्हणजे जुन्या ग्रंथालयाचं दालन. ६५ मीटर लांब, लाकडी कमान, आणि आम्ही गेलो तेव्हा बहुतेक फळ्या रिकाम्या. इमारतीच्या डागडुजीसाठी दोन लाख पुस्तकं एकेक करून, धूळ झाडून, नोंद करून हलवण्याचं काम चालू होतं. लोक हळहळत होते. मला तर रिकाम्या फळ्याच बघाव्याशा वाटल्या. ऑफिस शिफ्ट होताना जुनी रजिस्टरं बांधणाऱ्या माणसाला त्यात काय असतं ते कळतं.

तिकीट आधीच काढा, दारात मिळेल या भरवशावर राहू नका. राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय मात्र फुकट आहे, पाच मिनिटांवर.

तिथं दलदलीत सापडलेली माणसं आहेत. दोन हजारांहून जास्त वर्षांची. पीटच्या मातीनं कातडी कमावल्यासारखी होऊन टिकलेली. एकाचा नुसता धड आणि हात उरलाय, २००३ मध्ये सापडलेला. त्याचा हात मी बघत राहिले. नखं शाबूत, बोटांवरच्या रेषा शाबूत. कष्ट न केलेला हात आहे असं तिथं लिहिलंय. हे म्हणाले, "चल." मी म्हटलं, थांबा.

जेवण : भाजीचं सूप आणि ब्राऊन ब्रेड. हा ब्रेड यीस्टचा नाही. कोंड्यासकट गव्हाचं पीठ, खायचा सोडा आणि ताक. वर हे एवढं बोटभर लोणी. शाकाहारी असाल तर सूप चिकनच्या पाण्यात केलंय का ते विचारा. विचारलं की प्रामाणिकपणे सांगतात. ह्यांनी माशांचं दाट दुधाळ चाउडर घेतलं आणि माझ्याकडे बघणं बंद केलं.

दिवस चौथा

हा दिवस माझा. ओकॉनेल स्ट्रीटवरचं जीपीओ.

१८१८ मध्ये उघडलेलं. रस्त्यावर पुढे आलेले सहा खांब. त्या खांबांना गोळ्यांच्या खुणा आहेत. अंगठा बसेल एवढ्या खळग्या, काही बुजवलेल्या, काही तशाच. २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. बंडखोर आत शिरले, टपाल खात्याच्या माणसांना बाहेर काढलं आणि त्यांचा नेता पॅट्रिक पिअर्स यानं दारासमोर स्वतंत्र प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. त्या वेळी काउंटरपाशी एक ब्रिटिश अधिकारी बायकोला तार करायला आला होता. त्याला टेलिफोनच्या तारेनं बांधून टेलिफोनच्याच खोलीत बसवून ठेवलं. बंडाच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या आहेत, पण मला आठवतो तो हा तारवाला. त्याचा फॉर्म भरून झाला असेल का?

आणि दुसरी गोष्ट काळजाला लागली. इमारतीचं मोठं नूतनीकरण नुकतंच संपून नवा हॉल लोकांना उघडून काही आठवडेच झाले होते. आठवड्याभरात तोफांनी आणि आगीनं आतलं सगळं गेलं, दर्शनी भिंत तेवढी उरली. पुन्हा सुरू व्हायला १९२९ उजाडलं. जाहीरनाम्याची गंमत अशी की छापताना अक्षरांचे खिळे पुरले नाहीत. वरचा अर्धा भाग छापला, तेच खिळे सोडवून खालचा जुळवला, त्यातही वेगळ्याच वळणाचे 'ई' घुसवले. पण सुरुवात 'आयरिश पुरुषहो आणि आयरिश स्त्रियांनो' अशी.

आज तिथं साधं पोस्ट चालतं. लाकडी, पितळी काउंटर, रांग, पेन्शनर. भारताचं तिकीट मागितलं तर काउंटरवरची बाई म्हणाली, "इंडिया? कार्ड की पाकीट?" मी सांगितलं, मीपण तुमच्याच खात्यातली, तिकडची. तिनं चष्म्यावरून बघितलं. "पेन्शन मिळते का वेळेवर?" जगात कुठंही पोस्टात बाई भेटली की हाच प्रश्न येणार. मिळते म्हटलं. "मग बरंय." शिक्का तिनं जरा जास्तच नीट मारला, तिकिटाच्या कोपऱ्यावर, तारीख वाचता येईल असा. आमच्याकडे हे नवीन मुलांना शिकवावं लागतं.

मागच्या बाजूला मूर स्ट्रीट. भाजीची, फळांची, मासळीची गाड्यांवरची बायकांची दुकानं, "पाच सफरचंदं दोन युरो" असं काहीतरी गात ओरडणं. मंडईच. जीपीओ पेटल्यावर बंडखोर इथल्या घरांच्या भिंती आतून फोडत घराघरांतून सरकले आणि शनिवारी २९ एप्रिलला शरण आले. पांढरं निशाण घेऊन गोळीबारात बाहेर पडली ती एक नर्स, एलिझाबेथ ओफॅरल. पिअर्स इंग्रज जनरलपुढे उभा आहे असा शरणागतीचा फोटो आहे. ती पिअर्सच्या पलीकडे उभी होती, फोटोत फक्त तिचे बूट आणि स्कर्टची कड दिसते. पुढे कुठल्या कुठल्या छपाईत तेवढे बूटही खोडून टाकले. भाचीनं मोबाइलवर दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. "आमच्या वॉर्डात याला काय म्हणतात माहितेय? नेहमीचंच."

पकडलेल्यांना ती रात्र उघड्यावर काढायला लावली ते रोटुंडा इस्पितळाच्या बागेत. हे बाळंतपणाचं इस्पितळ बार्थॉलोम्यू मॉस या डॉक्टरनं १७४५ मध्ये गरीब बायकांसाठी काढलं. पैसा उभा केला लॉटरी काढून, नाटकं आणि संगीताचे जलसे करून, बागेला तिकीट लावून. श्रीमंतांनी गाणी ऐकायची, त्यातून गरिबांच्या खाटा. ते आजही चालू आहे. दारात एक घाबरलेला नवरा फोनवर कुणाला तरी काहीतरी समजावत होता.

तिथून दहा मिनिटं चढ चढून हेन्रिएटा स्ट्रीट. ही गल्ली चुकवू नका. अठराव्या शतकात बांधलेले सरदारांचे चारमजली विटांचे वाडे. चौदा नंबरचा वाडा एका लॉर्डसाठी उभा राहिला. संसद लंडनला गेली तसे लॉर्डही गेले. मग १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात बुडालेल्या जमीनदारांच्या इस्टेटी विकणारं न्यायालय या घरात आलं. मग पलटणीची बराक. मग १८७७ मध्ये एका मालकानं थाटाचा मोठा जिना काढून टाकला, कारण जिन्यात भाडं मिळत नाही, आणि सतरा बिऱ्हाडं पाडली. १९११ च्या जनगणनेत या एका घरात शंभर माणसं राहत होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीला शेवटची कुटुंबं गेली. २०१८ पासून संग्रहालय.

मी गिरगावात चाळीत वाढले. वाटाडी मुलगी छताकडे बोट करून फुलापानांचं नक्षीकाम दाखवत होती आणि माझं लक्ष भिंतीकडे. खालचा अर्धा भाग लाल, वरचा निळा. ती म्हणाली, हा रेकिटचा निळा, कपड्यांना घालायची नीळ चुन्यात मिसळून काढलेला. स्वस्त म्हणून. मी तिला थांबवून सांगितलं, आमच्या खोलीचा रंग हाच. आई दिवाळीच्या आधी चुन्यात नीळ घालायची, मी बादली ढवळायची. ती मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल, तिनं विचारलं, "मग हाताला लागायचा का?" म्हटलं, आठ दिवस. ती हसली आणि बाकीच्या मंडळींना घेऊन पुढच्या खोलीत गेली. हे आणि मी मागे राहिलो. एका खोलीत लोखंडी खाट, कोट अंगावर पांघरूण म्हणून टाकलेला. छतावर लॉर्डची नक्षी.

फेरी वाटाड्याबरोबरच असते. जिने आहेत, गुडघ्यांचा विचार करून जा. आम्ही नंतर चिपरमध्ये, म्हणजे चिप्स तळणाऱ्या दुकानात, बसलो. गरम बटाटे, वरून मीठ आणि व्हिनेगर. लिंबू पिळल्यासारखंच.

दिवस पाचवा

किलमेनहॅम तुरुंगाची तिकिटं २८ दिवस आधी उघडतात आणि लगेच संपतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. भाचीनं सकाळी सव्वानऊला संगणकासमोर बसून कुणी रद्द केलेली दोन मिळवली. तीही तेव्हाच पडतात. लाल ट्रामनं निघालो. वाटेत नदीकाठी फोर कोर्ट्सचा घुमट लागला. इंग्रज गेल्यावर आयरिशांच्या आपसांतल्या यादवी युद्धात, ३० जून १९२२ ला, इथलं सरकारी दप्तरखाना उडाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे कागद, शतकांची मृत्युपत्रं, सगळं. जळक्या कागदांचे कपटे शहरभर उडत राहिले. मी ट्रामच्या काचेतून तो घुमट जाईपर्यंत बघत होते. तोफा कुणाच्या होत्या नि चूक कुणाची, त्यावर तिथं अजून वाद घालतात. मी कारकून आहे, मला फक्त कागद दिसतात.

तुरुंग १७९६ चा. अरुंद गार बोळ, कोठडीच्या दाराला डोळा लावायचं भोक. दुष्काळात भाकरी चोरली म्हणून पोरंही इथं आत होती. १९१६ च्या बंडातला जोसेफ प्लंकेट आणि ग्रेस गिफर्ड यांचं लग्न इथल्या प्रार्थनाघरात झालं, ३ मे १९१६ च्या रात्री, आणि काही तासांनी त्याला गोळ्या घातल्या. ३ ते १२ मे या काळात इथं चौदा जण मारले. शेवटी कॉनोली. त्याला कॅसलमधून गाडीत घालून आणलं. उभं राहवेना, म्हणून खुर्चीला बांधून. अंगणाच्या ज्या टोकाला तो बसला तिथं एक काळा क्रूस आहे, बाकीच्यांचा दुसऱ्या टोकाला. मधे नुसती खडी.

पण इंग्रज गेल्यावर तुरुंग बंद झाला नाही, हे आमच्या वाटाड्यानं आवाज खाली आणून सांगितलं. यादवीत स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारनं आपल्याच माणसांना इथं डांबलं. त्यात ग्रेस गिफर्डही होती, १९२३ मध्ये. कोठडीच्या भिंतीवर तिनं मेरी आणि बाळाचं चित्र काढलंय. १९२४ मध्ये सुटलेल्या शेवटच्या कैद्यांत डे व्हॅलेरा होता. पुढे स्वयंसेवकांनी पडका तुरुंग दुरुस्त केला आणि १९६६ मध्ये संग्रहालय म्हणून उघडला, तेव्हा उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष म्हणून आला तोच डे व्हॅलेरा.

बाहेर पडून रस्ता ओलांडला की रॉयल हॉस्पिटल. नाव हॉस्पिटल, पण मुळात १६८४ मध्ये म्हाताऱ्या सैनिकांसाठी बांधलेलं आश्रयस्थान. आता आधुनिक कलेचं संग्रहालय. चित्रं ह्यांना कळली नाहीत, मलाही फारशी नाही. बागेत बाकावर बसून भाचीनं बांधून दिलेली थालीपीठं खाल्ली. "पेन्शनरांची जागा," हे म्हणाले. "आपण बरोबर आलोय."

घरी परतलो तेव्हा पाच वाजून गेले होते. पुण्याच्या जुन्या ऑफिसला लिहिलेलं कार्ड जीपीओतच टाकायला हवं होतं, पण पर्समध्ये राहिलं होतं. कोपऱ्यावरच्या हिरव्या पेटीत टाकलं. पाटीवर शेवटची उचल साडेपाच लिहिली होती. मी तिथंच थांबले.

"आता काय?" हे म्हणाले.

"बघू, येते का गाडी."

"अगं, पाऊस येतोय."

पाऊस आला. जर्किन घरी होतं. साडेपाचला दोन मिनिटं कमी असताना हिरवी गाडी वळणावर दिसली. पोरगा उतरला, किल्ली लावली, पिशवी भरली आणि आम्हा दोघांना भिजत उभं बघून विचारलं, "काही चुकून टाकलंत का?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "चालू द्या."

त्यानं कुलूप लावलं, हातानं दार ओढून बघितलं. दोनदा. मीसुद्धा दोनदाच बघायची.